भारत-चीन सीमेवर बोलताना या चुका टाळा

सीमेवर काही झालं की एलओसी (नियंत्रण रेषा), एलएसी (प्रत्यक्ष नियंत्रण रेषा), मॅकमोहन रेषा, जे तोंडात येईल ते लोक ठोकून देतात आणि मग वाद भलतीकडेच जातो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे लडाखमधलं गलवान, जिथे जून 2020 मध्ये भारत आणि चीनच्या सैनिकांची झटापट झाली, ते एलओसीवर नेऊन ठेवणं. अरे एलओसी पाकिस्तानबरोबर आहे, 1972 च्या सिमला करारानंतर दोन्हीकडच्या लष्कराने नकाशावर आखली, सह्या झाल्या, एनजे9842 या पॉइंटपर्यंत, त्याच्या वर सियाचिन, तिथे ही रेषा पोचतच नाही. चीनबरोबर आहे ती एलएसी, आणि तिचा दोघांना मान्य असा पूर्ण नकाशा आजपर्यंत नाही. भारत 3,488 किमी म्हणतो, चीन त्याहून खूप कमी. नकाशांची अदलाबदल झाली ती फक्त मधल्या सेक्टरची, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडच्या भागाची. त्यामुळे ‘एलएसी ओलांडली’ असं कोणी म्हटलं की आधी विचारा, कोणाची? लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर डोंगराच्या सोंडा पाण्याकडे उतरतात, त्यांना फिंगर 1 ते 8 म्हणतात; आपण फिंगर 8 पर्यंत आपलं म्हणतो, 2020 च्या आधी आपली पेट्रोलिंग पार्टी तिथवर पायी जायची आणि चीनने त्याच पट्ट्यात फिंगर 4 पर्यंत रस्ता आणलेला, मग समोरासमोर येऊन धक्काबुक्की होणार नाही तर काय.

दुसरं, मॅकमोहन रेषा लडाखमध्ये शोधू नका. ती पूर्वेकडची, 1914 ची, ब्रिटिश इंडिया आणि तिबेटच्या प्रतिनिधींनी ठरवलेली. चीनचा माणूस सिमल्याच्या परिषदेत होता, त्याने मसुद्यावर आद्याक्षरं केली पण त्याच्या सरकारने सही नाकारली, आणि तिबेटला असा करार करायचा अधिकारच नव्हता हे चीन आजही म्हणतो. लडाखला लागून असलेल्या अक्साई चिनचा घोळ वेगळाच: 1865 ची जॉन्सनची रेषा तो भाग काश्मीरमध्ये दाखवते, 1899 मध्ये ब्रिटिशांनीच दुसरी रेषा सुचवली ज्यात त्यातला बराचसा भाग चीनकडे जातो, आणि चीनने त्यावर उत्तरच दिलं नाही!

नकाशात रेषा आहे म्हणजे जमिनीवर सगळं क्लिअर, असंही समजू नका. 1914 च्या नकाशात एका इंचात आठ मैल होते आणि रेषा जाड. अरुणाचलच्या तवांगकडच्या थागला पर्वतरांगेपाशी नकाशावरची रेषा रांगेच्या दक्षिणेला पडते, आपण म्हणायचो की तत्त्व पाणलोटाचं आहे, म्हणजे सीमा रांगेच्या माथ्यावरून जाते. 20 ऑक्टोबर 1962 ला चीनचा हल्ला आला तो याच रांगेखाली, नामका चू नदीकाठी.

गुगल मॅप्सवर सीमा भारतात सलग आणि परदेशात तुटक दिसते, तर ॲपमध्ये काही बिघाड नाही. आपल्याकडे दिसतो तो दाव्याचा नकाशा. ताबा वेगळी गोष्ट. अक्साई चिनचे सुमारे 38,000 चौ. किमी चीनच्या ताब्यात आहेत, अरुणाचलच्या 90,000 वर त्याचा नुसता दावा आहे, हे दोन आकडे सर्रास उलटसुलट होतात.

आणि ‘गलवानमध्ये आपल्या जवानांनी गोळी का नाही झाडली’ हा प्रश्न. 1996 च्या करारात एलएसीपासून 2 किमीच्या आत गोळीबार करायचा नाही असं कलम आहे. पण म्हणून एलएसीवर 1975 च्या अरुणाचलमधल्या गोळीबारानंतर एकदाही गोळी सुटली नाही असं ठोकून देऊ नका, सप्टेंबर 2020 मध्ये पँगाँगच्या दक्षिणेला हवेत गोळ्या झाडल्या गेल्या, आधी कोणी झाडल्या यावर दोघांचं आजही जमत नाही.