स्नायू ऊती आणि आकुंचन: या चुका टाळा

स्नायूंवरील उत्तरे तपासताना ज्या शब्दापायी सर्वाधिक गुण कापावे लागतात, तो आपल्या रोजच्या बोलण्यातलाच आहे: ‘आकुंचन-प्रसरण’. ही जोडी आपल्या तोंडात इतकी बसली आहे की स्नायू जसा स्वतःच्या बळाने आखडतो तसाच तो स्वतःच्या बळाने लांबतोही, असे विद्यार्थी नकळत गृहीत धरतात. वास्तविक स्नायूला फक्त ओढता येते. टेबलाच्या कडेखाली तळहात लावून टेबल उचलण्याचा प्रयत्न केला, तर दंडाचा पुढचा स्नायू टणक लागतो. तोच तळहात टेबलावर ठेवून खाली दाबला, तर पुढचा भाग सैल पडून मागचा स्नायू कडक होतो. म्हणजे ढकलण्याच्या कामातही कोणता तरी स्नायू ओढतच असतो, आणि सैल पडलेला स्नायू पुन्हा लांब होतो तो समोरच्या स्नायूने ताणल्यामुळे. हृदयाचे कप्पेही मुख्यतः आत येणाऱ्या रक्ताने भरून फुगतात. म्हणून उत्तरात ‘प्रसरण’ न लिहिता ‘शिथिलन’ लिहावे.

दुसरी चूक आकृतीत दिसते. स्नायू आखडला म्हणजे त्यातील तंतूही आखूड झाले, असे समजून सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूवर दिसणारे गडद-फिकट पट्टे सगळेच अरुंद काढले जातात. 1954 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाले, एक अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, तर दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सले एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, हाही गोंधळ नेहमीचाच.) दोन्ही निबंधांचा निष्कर्ष असा होता की मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतू आपापली लांबी कायम ठेवून एकमेकांवरून सरकतात. कपाटाची सरकती दारे एकामागे एक गेली तरी प्रत्येक दार तेवढेच राहते, तसेच हे आहे. त्यामुळे आकृतीत गडद ‘ए’ पट्ट्याची रुंदी दोन्ही अवस्थांत सारखीच ठेवावी. अरुंद होतात ते फिकट ‘आय’ पट्टा आणि मधला ‘एच’ भाग.

ऊर्जेबाबत तर चांगले विद्यार्थीही फसतात. ‘आकुंचनाला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतो, शिथिलन आपोआप होते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. चेतातंतूकडून संदेश आला की पेशीतल्याच जालिकेत (पटलांच्या जाळ्यात) साठवलेले कॅल्शियम बाहेर पडते, ते बारीक तंतूंवरील ट्रोपोनिन या प्रथिनाला जोडले जाते, ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनची शीर्षे तेथे पकड घेऊन तंतू ओढतात. पण ही पकड सुटण्यासाठी शीर्षाला एटीपीचा नवा रेणू मिळावा लागतो, आणि कॅल्शियम पुन्हा जालिकेत भरण्यासाठीही एटीपीच खर्च होतो. मृत्यूनंतर एटीपीचा पुरवठा थांबल्यावर शरीर ढिले न राहता ताठ का होते, याचे उत्तर येथेच आहे. अपट्टकी, म्हणजे पट्टे नसलेल्या, स्नायूंत मात्र ट्रोपोनिन नसते. तेथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनामार्फत काम करते.

‘पट्टकी म्हणजे ऐच्छिक आणि अपट्टकी म्हणजे अनैच्छिक’ हे समीकरण हृदयापाशी मोडते, हे बहुतेकांना माहीत असते, कारण हृदय स्नायूला पट्टे असूनही तो आपल्या इच्छेने चालत नाही. मात्र ते इतरत्रही डळमळते. श्वासपटल पट्टकी आहे, आपण श्वास काही वेळ रोखूही शकतो, तरी झोपेत ते आपल्याला न विचारता चालते. अन्ननलिकेच्या वरच्या भागातील स्नायूही पट्टकी आहेत, पण गिळलेला घास तेथे पोहोचल्यावर तो थांबवणे आपल्या हाती उरत नाही. ‘कसा दिसतो’ आणि ‘कोणाच्या ताब्यात आहे’ हे दोन वेगळे प्रश्न मानावेत.

प्रयोगशाळेत काचपट्टी ओळखताना पट्टे दिसले नाहीत म्हणून घाईने ‘अपट्टकी’ लिहू नये. आधी सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी करून पाहावा, कारण जास्त उजेडात पट्टे पुसट होतात. तरीही न दिसल्यास तो आडवा छेद आहे का, हे तपासावे. आडव्या छेदात पट्टे दिसतच नाहीत, आणि मग केंद्रकांच्या जागेवरून निर्णय घ्यावा लागतो. पट्टकी स्नायूतंतूत (म्हणजे एका लांब स्नायूपेशीत) अनेक केंद्रके कडेला सरकलेली असतात, तर अपट्टकी पेशीत एकच केंद्रक मध्यभागी असते. हृदय स्नायूतही केंद्रक साधारण मध्यभागीच असते, परंतु उभ्या छेदात त्याच्या शाखा आणि दोन पेशींमधील आडव्या गडद चकत्या दिसल्या की शंका उरत नाही.

शिजलेल्या मटणाचा तुकडा सुईने उसवून निघालेली तार ‘हा एक स्नायूतंतू’ म्हणून दाखवली जाते, तीही चूकच. स्नायूतंतूची जाडी साधारण 10 ते 100 मायक्रोमीटर असते, म्हणजे जाडात जाड तंतूही केसाएवढाच भरतो. सुईला लागते ती बहुधा अशा अनेक तंतूंची जुडी असते.