डेटाबेसची फाइल एकदा उघडून तर बघा

इंदुरात राजेंद्रनगरला आमच्या शेजारची मुलगी कँपसची तयारी करतेय, परवा वही घेऊन आली, म्हणे दादा बी-ट्री (रेकॉर्ड पटकन शोधायची झाडासारखी रचना) पाठ आहे पण रेकॉर्ड डिस्कवर नक्की बसतं कसं ते डोळ्यासमोर येत नाही. अगदी हेच मलाही येत नव्हतं आणि पहिल्या नोकरीत त्याचा फटका बसला. बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं, खाली एसक्यूलाइट (सगळा डेटा एकाच फाइलमधे ठेवणारा छोटा डेटाबेस), क्लायंटची डिस्क भरत आलेली म्हणून मी जुनी लाखो बिलं डिलीट केली आणि फाइलची साइज बघतो तर जशीच्या तशी. फाइल आटवणारी व्हॅक्यूम कमांड चालवली तर तीही अडकली, कारण ती सगळी फाइल नव्याने लिहिते, तिला मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. शेवटी फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर नेऊन काम केलं, दुपारपर्यंत क्लायंटचं काउंटर बंद.

म्हणून सांगतो, थिअरी नंतर, आधी फाइल उघडा. एसक्यूलाइटमधे एका कॉलमचं टेबल करा, त्यात दोन रेकॉर्ड टाका, आम्ही पोहे आणि जलेबी टाकली, मग एक्सएक्सडी ने (फाइलचा एकेक बाइट दाखवणारी कमांड) बघा. फाइल म्हणजे ४०९६ बाइटची पेजेस एकामागे एक (ही डिफॉल्ट साइज). पहिल्या पेजवर सुरुवातीला १०० बाइटचा फाइल हेडर, आपलं टेबल दुसऱ्या पेजवर. तिथे वर ८ बाइटचा छोटा हेडर, त्याला लागून प्रत्येक रेकॉर्डचा २ बाइटचा पॉइंटर (रेकॉर्ड पेजवर कुठे आहे तो पत्ता), आणि रेकॉर्ड मात्र पेजच्या तळापासून वर भरत येतात, त्यामुळे पोहे सगळ्यात खाली, जलेबी त्याच्या वर आणि मधे सगळे शून्य. ती मधली मोकळी जागा संपली की पेज फुटतं आणि दोन होतात. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, म्हणून पोहेचे चार चिन्हांचे १२ बाइट, तिने स्क्रीनवर बोट ठेवून मोजले.

मग पोहे डिलीट करायला लावलं. काही लिनक्सवर सिक्युअर डिलीट (पुसलेल्या जागी शून्य लिहिणारी सेटिंग) आधीच चालू असतं, ते प्राग्मा (सेटिंग बदलायची कमांड) देऊन बंद करून घ्या, नाहीतर तिथे शून्यच दिसतील. पॉइंटर गेला, रेकॉर्डचे सुरुवातीचे ४ बाइट बदलले, पण ते १२ बाइट तिथेच! ती बघतच राहिली. डिलीट म्हणजे फक्त "ही जागा आता वापरता येईल" अशी नोंद, पूर्ण रिकामी झालेली पेजेससुद्धा फ्रीलिस्टमधे (रिकाम्या पेजेसच्या यादीत) जातात, फाइलमधून जात नाहीत. ग्राहकांचे फोन नंबर सांभाळणाऱ्याने तर हे माहीत करून घ्यायलाच हवं.

इथून बी-ट्री सोपं आहे खरंच. डिस्कवरून एक रेकॉर्ड उचलता येत नाही, अख्खं पेज येतं, म्हणून एका पेजवर खालच्या शेकडो पेजेसचे पत्ते ठेवतात आणि तीन-चार पेजेस वाचून लाखोंतलं एक रेकॉर्ड मिळतं.

हे झालं की पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस घ्या, तिथे पेज ८ केबीचं आणि अपडेट केलं की जुनं रेकॉर्ड तसंच ठेवून नवीन लिहिलं जातं. सीटीआयडी नावाचा लपलेला कॉलम सिलेक्ट करा, पेज नंबर आणि पेजवरची जागा दिसेल, मग तेच रेकॉर्ड अपडेट करून परत बघा.