ड्रायव्हर बिल्ड करताना कर्नलची आवृत्ती तपासताय? या चुका टाळा

कर्नल अपडेट झाला आणि कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर कम्पाइल होईना, की बहुतेक जण लगेच कोडमध्ये आवृत्तीची अट घालतात. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आपले अंतर्गत एपीआय, म्हणजे ड्रायव्हर वापरतात ती फंक्शन्स, स्थिर ठेवण्याची हमी देत नाही, त्यामुळे कर्नलच्या मूळ कोडबाहेर सांभाळल्या जाणाऱ्या ड्रायव्हरला अशा अटी लागणारच. पण आकड्यावरून फंक्शनचं रूप ओळखणं हा अंदाज आहे, आणि तो कुठे चुकतो हे माहीत असायलाच हवं.

बॅकपोर्ट लक्षात न घेणं

बॅकपोर्ट म्हणजे नव्या कर्नलमधला बदल जुन्या आवृत्तीत आणणं. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. 'क्लास_क्रिएट' हे कर्नलचं फंक्शन 6.4 पासून दोनऐवजी एकच आर्ग्युमेंट घेतं, म्हणून तुम्ही 6.4 ची अट घातली. पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 9 चा कर्नल आकड्याने 5.14 च राहतो आणि नव्या कर्नलमधले बदल मात्र मायनर रिलीजगणिक त्यात येत राहतात. अशा ठिकाणी एपीआय नवा असतो आणि अट जुन्या कोडकडे नेते. मग कम्पायलर जास्त आर्ग्युमेंट दिल्याची तक्रार करतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

यासाठी रेड हॅटच्या हेडरमध्ये (कर्नलच्या घोषणा असलेल्या फाइलमध्ये) 'आरएचईएल_रिलीज_कोड' हा मॅक्रो असतो; त्याची तुलना 'आरएचईएल_रिलीज_व्हर्जन' या मॅक्रोशी करतात. तो वापरताना 'डिफाइन्ड' आणि तुलना एकाच 'इफ'मध्ये 'अँड'ने जोडू नका. पहिला भाग खोटा ठरला तरी प्रीप्रोसेसर पूर्ण ओळ वाचतो. इतर डिस्ट्रोवर (लिनक्सच्या इतर वितरणांवर) 'आरएचईएल_रिलीज_व्हर्जन' नसतोच, त्यामुळे त्याच्या कंसापाशी बिल्ड मोडतं. बाहेर 'इफडेफ' आणि त्याच्या आत तुलना, अशा दोन पायऱ्या करा.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे आकडा सोडून थेट फंक्शनलाच विचारणं. ओपनझेडएफएस आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर हेच करतात: बिल्डच्या सुरुवातीला छोट्या चाचणी फाइल त्या कर्नलच्या हेडरवर कम्पाइल करून पाहतात आणि निकालावरून मॅक्रो ठरवतात. इथेही एक खड्डा आहे. हेडर सापडलं नाही किंवा कम्पायलर जुळला नाही तरी चाचणी फसते आणि स्क्रिप्ट 'फंक्शन नाही' असं धरते. म्हणून आधी हमखास पास होणारी एक चाचणी चालवा. ती फसली तर तिथेच थांबा. चाचण्यांचा लॉगही पुसू नका.

चालू कर्नललाच लक्ष्य समजणं

मेकफाइलमधलं 'युनेम -आर' आत्ता चालू असलेल्या कर्नलचं नाव देतं. कंटेनरमध्ये ते होस्टचं येतं आणि अपडेटनंतर रीबूट व्हायच्या आधी जुन्याचं. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बिल्ड करणारं डीकेएमएस हे साधन लक्ष्य कर्नलची, म्हणजे ज्याच्यासाठी बिल्ड करायचं त्याची, आवृत्ती स्वतः पुरवतं, ती घ्या. हेडरचा पाथ बाहेरून बदलता यायलाच हवा.

शेल स्क्रिप्टमध्ये आवृत्त्यांची तुलना अक्षरांप्रमाणे केली तर 5.10 हा 5.9 पेक्षा लहान ठरतो. 'सॉर्ट -व्ही' वापरा. सी कोडमध्ये 'लिनक्स/व्हर्जन.एच' स्वतः इन्क्लुड करा, दुसऱ्या हेडरमधून येईल यावर विसंबू नका.

तिसऱ्या आकड्यावर भिस्त ठेवणं

'कर्नल_व्हर्जन' मॅक्रोत तिसऱ्या आकड्याला 8 बिट, म्हणजे 255 पर्यंतच जागा आहे. 2021 मध्ये 4.4 आणि 4.9 या शाखा 256 वर पोहोचल्या. जुन्या गणिताने 4.4.256 ची किंमत थेट 4.5.0 इतकी झाली असती, म्हणून आता 255 च्या पुढचं सगळं 255 च धरलं जातं. म्हणजे या मॅक्रोने 4.4.260 आणि 4.4.270 यांत फरक करणारी अट लिहिता येत नाही. स्टेबल शाखेत (जिला फक्त दुरुस्त्या मिळत राहतात) मध्येच आलेला बदल पकडायचा असेल तर तिथे चाचणी फाइलच लागते.

बिल्ड झाल्यावर मॉड्यूल लोड करण्याआधी 'मॉडइन्फो' या कमांडच्या आउटपुटमध्ये 'व्हरमॅजिक'ची ओळ बघा; मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बिल्ड झालं ते तिथे दिसतं. ती लक्ष्य कर्नलशी जुळत नसेल तर कोडमधल्या अटी तपासण्याआधी हेडरचा पाथ तपासा.