आईला गर्विष्ठ ठरवलं तेव्हा: स्पॅनिशमधला 'अभिमान'

स्पॅनिशच्या बी-१ ला, म्हणजे मधल्या पातळीला असताना क्लासमध्ये कुटुंबावर निबंध होता. मी मनापासून लिहिलं, 'मी माद्रे एस मुई ओर्गुयोसा दे मी', म्हणजे आईला माझा खूप अभिमान आहे. वही परत आली तर 'एस' भोवती लाल गोल आणि शेजारी बाईंनी चक्क मराठीत लिहिलेलं, "आई एवढी ताठ आहे का गं?"

तर नवीन लोकांनो, शब्द एकच, ओर्गुयोसो (बाईसाठी ओर्गुयोसा), पण क्रियापद बदललं की अर्थच पालटतो. स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार', आणि माझं 'एस' हे सेरचं रूप. 'एस्तार' लावलं तर कशाचातरी अभिमान वाटतोय, 'एस्तोय ओर्गुयोसा दे ती', मला तुझा अभिमान वाटतो. 'सेर' लावलं की तो स्वभाव झाला, 'एस ओर्गुयोसा' म्हणजे चूक स्वतःची असली तरी सॉरी न म्हणणारी. घोळ होतो कारण आपण इंग्रजीच्या 'इज प्राउड'वरून जातो, मराठीतून गेलो असतो तर वाचलो असतो की, आपल्याकडे अभिमान 'वाटतो' आणि गर्विष्ठ माणूस 'असतो'. अगदीच शंका आली तर 'मे सिएंतो ओर्गुयोसा' लिहून मोकळं व्हा, वाटतंय एवढंच, सेर-एस्तारची कटकट नाही. पुढे अख्खं वाक्य जोडायचं तर 'दे के' आणि मग सबजंक्टिव्ह (क्रियापदाचं एक वेगळं रूप), 'एस्तोय ओर्गुयोसा दे के आयास आप्रोबादो', तू पास झालीस याचा, पण ते बी-२ वाल्यांचं दुखणं.

दुसरी माती मी ट्रान्सलेशन टेस्टमध्ये खाल्ली. एका लोणच्याच्या ब्रँडची ओळ होती, 'आमची रेसिपी, आमचा अभिमान'. डिक्शनरीत प्राइडसमोर दोन-तीन शब्द होते, त्यातला 'सोबेर्बिया' मला भारदस्त वाटला म्हणून ठोकून दिला. आता सोबेर्बिया हे ख्रिश्चन परंपरेतल्या सात महापापांपैकी एक, म्हणजे आमची रेसिपी, आमचा माज. काम अर्थातच मिळालं नाही. हिंदीवाले 'गर्व है' अभिमानानेच म्हणतात, पण आपल्याकडे गर्वाचं घर खाली, सोबेर्बिया म्हणजे हा आपला मराठी गर्व. गंमत म्हणजे विशेषण वस्तूला लावलं की ते कौतुक होतं, 'उन बीनो सोबेर्बियो' म्हणजे झकास वाइन. माणसाला मात्र लावू नका.

स्वाभिमान म्हणायचं असेल तर ओर्गुयो (ओर्गुयोसोचं नाम, अभिमान) पण चालतं, तरी मला 'दिग्निदाद' किंवा 'आमोर प्रोपियो' जास्त जवळचे वाटतात. चारचौघांत कोणी बोललं की आपलं जे दुखावतं ना, तिथे 'आमोर प्रोपियो' बसतो.

दोन शब्दांत अडकलात तर माझी ट्रिक, विरुद्धार्थी शब्द बघा. सोबेर्बियाच्या समोर उमिल्दाद, म्हणजे नम्रता. चांगल्या ओर्गुयोच्या समोर बेर्ग्वेन्सा, म्हणजे लाज. आणि अर्थ बघायला रेआल आकादेमियाची, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अकादमीची डिक्शनरी वापरा, ऑनलाइन फुकट आहे, स्पॅनिशमधून स्पॅनिश असल्यामुळे सुरुवातीला डोकं उठतं पण सवय होते. ओर्गुयोचे चांगला-वाईट दोन्ही अर्थ तिथे दिसतील.

आणि हो, लाज सुद्धा देशाप्रमाणे बदलते. स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे वाईट वाटतंय, मेक्सिकोत बऱ्याचदा लाज वाटतेय, संकोच होतोय. आमची मेक्सिकन ट्रेनर एकदा कॉलवर म्हणाली, मे दा पेना, पण परत एकदा सांगशील का, आणि मी तिचं सांत्वन करत बसले.