तारेवरची पत्रं उतरवताना

पुण्यातल्या एका जुन्या प्रकाशकाच्या माळ्यावरून आमच्या ग्रंथालयात पत्रांच्या तारा आल्या. वाण्याकडे बिलं टोचतात तशाच: खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मध्ये वर्षभराची आवक टपाल. असं दप्तर तुमच्या हाती आलं तर आकड्यावरून पत्रं ओढू नका. पहिल्या तारेची मी ओढली आणि कितीतरी कार्डं मधोमध फाटली. त्याचं दुःख अजून आहे. तारेचा वाकडा भाग पक्कडीने तोडा आणि पत्रं अलगद वर उचला. सगळ्यात वरचं शेवटी आलेलं, तळाचं सर्वांत जुनं. उचलता उचलताच मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला.

हा क्रम जिवापाड जपा. नामवंत लेखकाची सही दिसली की ते पत्र वेगळं काढावंसं वाटतं. काढू नका. आमच्या एका तारेवर लेखकाचं कार्ड होतं: "हिशेब दिवाळीपूर्वी मिळावा." त्याच्या खाली कागदवाल्याचं पत्र, यापुढे माल रोखीनेच मिळेल. त्याखाली सांगलीच्या पुस्तकविक्रेत्याचं, व्ही.पी. (टपालात पैसे भरून घ्यायचं पार्सल) सोडवून घेता आली नाही म्हणून. लेखकाचे पैसे का रखडले, ते ही तिन्ही पत्रं एकत्र राहिली म्हणून कळलं. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जुन्या प्लँटिन छापखान्याचं व्यापारी दप्तर युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं. मराठी प्रकाशकाच्या कागदवाल्याचं पत्रही मला तितक्याच मोलाचं वाटतं.

तारीख नसेल तर कार्ड नीट बघा. नवे पैसे छापलेलं कार्ड १९५७ च्या आधीचं नसतं. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषातल्या जानेवारीच्या दिवसांत आणि माघ-फाल्गुनात ७९ मिळवा. शके १८५१ च्या माघातलं पत्र १९३० चं. "घरांत", "पुस्तकें" असे उच्चारात नसलेले अनुस्वार असले तर पत्र शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांआधीचं असण्याचा संभव मोठा, मात्र जुन्या पिढीने ते पुढेही सोडले नव्हते. प्रकाशकाने निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं "उ. दिले" (उत्तर दिले) खोडू नका, नोंदवहीत उतरवा.

ते उत्तर जावकीच्या कॉपीबुकात, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या नकलांच्या वहीत सापडतं. पानं झिरझिरीत असतात; मूळ पत्रावर ओलसर पान दाबून घेतलेला तो ठसा. अक्षरं उलटी दिसली तर पान उलटा, दुसऱ्या बाजूने सुलटी वाचता येतात. ही शाई पाण्याने पसरते, म्हणून सुरकुत्या काढायला ओला बोळा मुळीच फिरवू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशनही नको.

सुटी पत्रं उरतातच. त्यांची जागा भोकावरून शोधा. गंजाचा डाग शेजारच्या पत्रावरच्या डागाशी जुळतो का पाहा. कागद पोखरणाऱ्या किड्यांनी पाडलेली बारीक भोकंही सलग पाच-सहा पत्रांतून त्याच जागी आरपार जातात. तारेची भोकं जुळवून चार पत्रं एकावर एक ठेवली, उजेडासमोर धरली आणि किड्याच्या भोकातूनही उजेड आला, तर ती शेजारशेजारचीच समजा.