युरोपीय कायदा आणि राज्यघटना भिडतात तेव्हा निकाल कसा वाचावा

असा निकाल हातात पडला की विद्यार्थी मला पहिला प्रश्न विचारतात, "मग वर कोण?" मी तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगते. आधी बघा, बोलतंय कोण. लक्झेंबर्गचं न्यायालय, म्हणजे युरोपीय संघाचं न्यायालय, युरोपीय करारांपासून सुरुवात करतं. नंतर केलेला देशी कायदाही युरोपीय कायद्यावर मात करू शकत नाही, हे त्याने १९६४ साली कोस्टा विरुद्ध एनेल खटल्यात ठरवलं. १९७० मध्ये राज्यघटनेलाही तेच लागू केलं. देशाचं घटना न्यायालय मात्र म्हणतं, संघाला अधिकार आमच्या घटनेने दिले, तेव्हा त्यांची मर्यादाही तीच ठरवणार. म्हणून एकच निकालपत्र वाचून मत बनवू नका.

मग परिणाम तपासा. युरोपीय कायद्याला अग्रक्रम मिळाला म्हणून देशी कायदा रद्द होत नाही. तो त्या प्रकरणात बाजूला ठेवला जातो. घटना बदलायची तर ती देशानेच. २००० साली लक्झेंबर्गच्या क्राइल निकालानंतर जर्मनीने स्त्रियांना शस्त्रधारी सेवेपासून रोखणारं कलम स्वतः बदललं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही: नकार देण्याआधी देशी न्यायालयाने युरोपीय कराराच्या २६७ व्या कलमाखाली लक्झेंबर्गला कायद्याच्या अर्थाबद्दल प्रश्न विचारला का, आणि उत्तर आल्यावर काय केलं? यासाठी तारिको प्रकरण सावकाश वाचा. मूल्यवर्धित कराच्या गंभीर फसवणुकीत शिक्षा टळत असेल तर इटलीने खटल्याच्या मुदतीचे नियम (ठरावीक काळानंतर शिक्षा देता येत नाही, हे सांगणारे) बाजूला ठेवावेत, असं लक्झेंबर्गने २०१५ मध्ये म्हटलं. पण गुन्हा घडून गेल्यावर आरोपीविरुद्धच्या खटल्याची मुदत वाढवायची कशी? इटलीच्या घटना न्यायालयाला हे आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाविरुद्ध वाटलं. तरी त्याने थेट नकार दिला नाही, २०१७ च्या सुरुवातीला पुन्हा प्रश्न पाठवला. डिसेंबरमध्ये लक्झेंबर्गने माघार घेतली: कायदेशीरतेचं तत्त्व (शिक्षेचे नियम गुन्ह्याआधीच ठरलेले हवेत) मोडत असेल तर ते बंधन नाही. आरोपीचा हक्क वाचला आणि संघाचा कायदाही तुटला नाही. मला हा संवाद फार मोलाचा वाटतो.

५ मे २०२० चा जर्मन निकाल याच्या शेजारी ठेवा. तिथेही प्रश्न आधी विचारला होता, पण युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीबद्दलचं लक्झेंबर्गचं उत्तर कार्ल्सरूहेने, म्हणजे जर्मनीच्या घटना न्यायालयाने, अधिकाराबाहेरचं ठरवलं.

युरोपीय करारातल्या काही तरतुदी घटनेशी विसंगत ठरवणारा पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाचा ऑक्टोबर २०२१ चा निकाल या रांगेत लगेच बसवू नका. तिथल्या न्यायाधिकरणात न्यायाधीश कसे नेमले गेले, ते आधी वाचा. त्याच वर्षी मे महिन्यात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांपैकी एका नेमणुकीवर गंभीर ठपका ठेवला होता.