गावाच्या पुळणीवर कासव-संवर्धनाची भागीदारी कशी उभी करावी

कोकणातील ज्या गावाच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्या गावाने संस्था आणि वन विभाग यांच्याबरोबर काम सुरू करताना पहिला विचार पर्यटकांचा नव्हे, तर पहाटे पुळण फिरणाऱ्या राखणदाराचा करावा. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली संरक्षणाला सुरुवात केली, तोपर्यंत माणसे, कुत्री आणि कोल्हे घरटी उकरून अंडी नेत असत. पुढे गावातलीच माणसे राखणीला उभी राहिली, म्हणून ते काम टिकले.

आधी ग्रामसभेत ठराव करावा आणि वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला संरक्षण असल्याने, हेतू चांगला असला तरी परवानगीवाचून अंड्यांना हात लावता येत नाही. राखणदाराचे मानधन किती, ते कोण देणार आणि निधी यायला उशीर झाल्यास तोवर कोण भागवणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम हेच आहे.

हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असतो. वाळूवरील माग धरून घरटे सापडले, की सुरईच्या आकाराच्या त्या खड्ड्याची खोली आणि तोंडाची रुंदी मोजावी व भरतीच्या रेषेच्या वर, कुंपण घातलेल्या जागी तसाच खड्डा करावा. सुमारे शंभर अंडी असतात. ती लवकरात लवकर आणि न फिरवता न्यावीत, कारण आतला जीव कवचाला चिकटल्यावर अंडे उलटले तर तो मरतो. घरट्यावर तारखेची व संख्येची पाटी लावावी. पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास वर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ पाहावे, आणि निघालेली पिल्ले किनाऱ्यावर सोडून त्यांना पाण्यापर्यंत स्वतः चालू द्यावे. त्या वेळी विजेऱ्या व फ्लॅश बंदच हवेत, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात.

पिल्ले पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घरोघरी उतरवल्यास पैसा थेट स्वयंपाकघरापर्यंत, म्हणजे राबणाऱ्या बाईच्या हाती पोहोचतो. मात्र पाळी ठरवली नाही, तर पक्के घर आणि चांगले शौचालय असलेल्यांकडेच सगळे पाहुणे जातात आणि वाडीवाडीत कुरबुर सुरू होते. म्हणून पाहुण्यांची नोंद गावाने या कामासाठी नेमलेल्या समितीनेच ठेवावी आणि दर सर्वांना एकच असावा. पिल्ले दिसतीलच, असे आश्वासन कोणालाही देऊ नये.

या भागीदारीत मच्छीमार हमखास मागे राहतात, आणि कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते ते त्यांनाच. राज्याचा कांदळवन कक्ष (वन विभागाची खारफुटीचे काम पाहणारी शाखा) आणि मत्स्यव्यवसाय विभाग अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतात. त्यासाठी जाळ्यात अडकलेल्या आणि सोडलेल्या कासवाचे छायाचित्र लागते, हे प्रत्येक होडीवर आधीच सांगून ठेवावे, आणि अर्ज भरून देण्याचे काम समितीतील एका लिहित्या माणसाकडे नेमून द्यावे.